बाबांनी कापलेला दस्ता

९ ऑक्टोबर, रविवार

गार्लंडच्या शेडमध्ये चोरी झाली. माझी बंदूक गेली.

रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायचं हा आमचा बहीणभावाचा नेम, त्याची बायको सोडून गेली तेव्हापासूनचा. एरवी दारातूनच ओरडतो, "नेडी, आज काय जाळलंस?" आज आपल्या किल्लीनं दार उघडून गुपचूप आत आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. मला वाटलं कुणीतरी गेलं. म्हणाला, "बाबांचं कपाट फोडलं गं कुणीतरी. तुझी वीस बोअरची बंदूक नेली."

मागच्याच रविवारी मी त्याला म्हटलं होतं, माझी बंदूक आण बाबा आता. मार्चमध्ये माझा नवरा, रॉइस, वारला, घर रस्त्याच्या पार टोकाला, आणि रॉइसला शिकारीचा कंटाळा, त्यामुळे घरात सगळे मासे धरायचे गळ. चोर आला तर त्याच्यावर काय गळ टाकू? तेव्हा गार्लंड नुसताच हं म्हणाला होता. आणि आठवड्यात हे.

"बाकीच्या बंदुका?" मी विचारलं.

"त्या घरात होत्या, झोपायच्या खोलीत. कपाटात तुझीच होती तेवढी."

बघा नशीब! चोरालासुद्धा माझीच सापडावी.

ती बंदूक बाबांनी मला बाराव्या वाढदिवसाला दिली होती. आधी स्वैपाकघरात मला उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला आणि बोट चापापर्यंत पोचतंय का बघितलं. नाही पोचलं. मग बाबांनी करवत घेतली आणि मागून अक्रोडाच्या लाकडाची चकती कापून काढली, पावाच्या जाड तुकड्याएवढी, जराशी तिरकीच. ती चकती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून ठेव. तू मोठी झालीस की परत चिकटवू." मी कसली वाढतेय! पाच फूट एक इंचावर गाडी थांबली ती थांबलीच. लग्न करून इथं आले तेव्हा बंदूक बाबांच्या कपाटात राहिली, पुढं ते कपाट गार्लंडकडे गेलं. चकती मात्र माझ्याकडे आली. सिंकवरच्या खिडकीत, साबणाच्या बाजूला पडलेली असते.

आज ती हातात घेऊन रडले. गार्लंड खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्यालाही बघवत नव्हतं. ताटातल्या मीटलोफला हातही न लावता गेला बिचारा.

१२ ऑक्टोबर, बुधवार

शाळेच्या स्वैपाकघरात मी कामाला जाते, तिथं दुसरा विषय नाही. ज्या बायका आयुष्यात दाराला कडी लावत नव्हत्या त्या आता गाडीलासुद्धा कुलूप लावतात. बटाटे सोलता सोलता सगळ्यांनी मिळून चोरही ठरवून टाकला: ओढ्याकाठच्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या घरात, राहायला आलेला तो नवा माणूस. का, तर दाढी आहे आणि कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, अगं, दाढी तर पाद्रीबाबांनाही आहे. सगळ्या हसल्या. पण घरी येताना तो पोस्टाच्या पेटीपाशी उभा होता, त्यानं हात केला आणि मी समोर बघत गाडी पुढं काढली.

रात्री पलंगावर झोपत नाही. रॉइसच्या आरामखुर्चीत बसते आणि दाराला जेवणाच्या टेबलाची खुर्ची लावते. फ्रीज गुरगुरला तरी उठून दिवा लावते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ही तऱ्हा.

गार्लंडला फोनवर म्हटलं, शेरीफकडे गेलास का? म्हणाला, "सांगून ठेवलंय. जुन्या बंदुकीसाठी ते लोक काय धावपळ करणारेत? तू डोक्यातून काढून टाक. तुला मी नवीन घेऊन देतो, एकदम झकास."

नको नको म्हणत होते, पण ऐकेना. भाऊ असावा तर असा.

१५ ऑक्टोबर, शनिवार

बंदूक आणली. कुठून, तर थेट स्प्रिंगफील्डहून. अर्धा दिवस गाडीत गेला. मी म्हटलं, टटलचं बंदुकांचं दुकान आपल्या वाटेवर आहे, तिथंच बघू ना. गार्लंडनं दुकानासमोरून अशी गाडी हाणली की माझी कॉफी मांडीवर सांडली. "टटल एक नंबरचा लबाड आहे. जुना माल रंगवून विकतो. तू त्याची पायरीसुद्धा चढू नकोस, सांगून ठेवतो."

स्प्रिंगफील्डच्या दुकानात बायकांसाठी वेगळा कोपरा आहे. तिथं बंदुका गुलाबी! चॉकलेटच्या डब्यासारखी एक माझ्या हातात दिली. विकणारा माणूस माझ्याशी बोलतच नव्हता, गार्लंडशीच बोलत होता.

"ताईंना हलकी आणि आखूड नळीची द्या. बारा बोअर. घरात वळवायला सोपी."

"हलकीला धक्का जास्त बसतो ना?" मी म्हटलं. "माझे बाबा म्हणायचे, वजन हातात सोस म्हणजे खांद्याला सोसावं लागत नाही."

तो गार्लंडकडे बघून हसला. "अहो, ताईंना झाडायची वेळच येणार नाही. नळीखालचा पंप नुसता खर्र करून मागं ओढला की चोर धूम पळतो."

"आणि नाही पळाला तर?"

"नेडी," गार्लंड म्हणाला, "त्यांना यातलं कळतं."

मी दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बघितला. बोट चापाच्या पुष्कळ अलीकडे राहिलं. विचारलं, आखूड दस्त्याची वीस बोअर आहे का? तो म्हणाला, ती लहान मुलांची असते. एवढ्या तेवढ्यासाठी गार्लंडचा हिरमोड कशाला करायचा, म्हणून मी गप्प बसले. गुलाबी तेवढी नको म्हटलं, काळी घेतली. पैसे त्यानं दिले. येताना हॉटेलात मला सफरचंदाचा पायसुद्धा खाऊ घातला. इतका मऊ तो रॉइसच्या दफनाच्या दिवशीही नव्हता.

१६ ऑक्टोबर, रविवार

जेवणानंतर मागच्या कुरणात गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावून बंदूक झाडून बघितली. पहिल्याच वेळी दस्ता गालावर आपटला आणि खांद्यातून कळ डोक्यात गेली. दुसऱ्या वेळी पंप पुरता मागं ओढलाच गेला नाही, हातच पुरत नाही एवढा, आणि काडतूस आत अडकून बसलं. कागदाला एक भोक नाही. गठ्ठ्याच्या मागच्या कुंपणाला मात्र लागलं.

गार्लंड म्हणाला, "सवय होईल." गाल सुजलाय. उद्या शाळेत काय सांगू, बटाट्यानं मारलं?

२९ ऑक्टोबर, शनिवार

लिहूच नये असं वाटतंय. पण लिहून काढल्याशिवाय आज चैन पडणार नाही.

सकाळी धुकं होतं. मी कॉफी करत होते. मागच्या ओसरीवर फळी करकरली. मग काहीतरी धातूचं वाजलं. बंदूक दाराशीच असते हल्ली. उचलली, सुरक्षेची कळ सरकवली, खांद्याला लागेना म्हणून कमरेलाच धरली आणि जाळीच्या दारातून बाहेर रोखली. धुक्यात एक आकृती वाकलेली. माझं बोट चापावर होतं, आणि दाबलं जात होतं. अगदी खरं लिहिते, दाबलं जात होतं.

आकृती सरळ झाली. लव्हॉन! शेजारची लव्हॉन टीगार्डन, पंचाहत्तरीची म्हातारी, हातात माझंच केकचं भांडं. मला उठवायला नको म्हणून हळूच ठेवून जाणार होती.

नळीकडे बघून म्हणाली, "मार हवं तर, पण आधी भांडं घे. घासून आणलंय."

मी बंदूक खाली ठेवली आणि जमिनीवरच बसले. लव्हॉनही शेजारी बसली. तिच्या गुडघ्यांना बसवत नाही, तरी बसली. आम्ही दोघी हसलो आणि मग मी जे रडायला लागले ते थांबेचना. तिचेही ओठ पांढरे पडले होते.

"ही बंदूक तुझ्या मापाची नाही," ती म्हणाली. "नवऱ्याचा कोट घातल्यासारखी दिसतेस. टटलकडून दस्ता कापून घे."

"गार्लंड म्हणतो टटल लबाड आहे."

"कोण, टटल? अगं, दर शनिवारी गार्लंड त्याच्याच दुकानात कॉफी पीत बसलेला असतो!"

म्हणजे अलीकडेच काहीतरी बिनसलं असणार. गार्लंड बोलायचा नाही, तो सगळं पोटात ठेवतो.

३० ऑक्टोबर, रविवार

कालचा प्रकार गार्लंडला सांगितला. लव्हॉनचं नाव ऐकून त्याचा चेहरा राखेसारखा झाला. काटा खाली ठेवून म्हणाला, "सुरक्षेची कळ काढली होतीस?"

"काढली होती. गार्लंड, माझ्यानं नाही होत हे. आज ना उद्या कुणाचा तरी जीव जाईल माझ्या हातून. घर विकते आणि गावात खोली घेऊन राहते."

"घर? रॉइसनं बांधलेलं?"

"मग काय करू? तो चोर सापडेपर्यंत रोज अशी बसू?"

"चोर काही परत येत नाही गं."

"तुला काय माहीत?"

तो मीठदाणी फिरवत बसला. मग म्हणाला, घाईनं काही करू नकोस, थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब. जाताना मला जवळ घेतलं. आम्ही स्ट्राउड घराण्यातले लोक एकमेकांना जवळबिवळ घेत नाही. माझ्या काळजीनं पार खचलाय तो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली! माझी बंदूक सापडली!!

गार्लंडला न सांगता टटलकडे गेले होते, दस्ता कापून घ्यायला. उद्यापासून हरणांची शिकार सुरू, त्यामुळे दुकानात ही झुंबड. अख्खा तालुका नारिंगी टोप्या घालून काडतुसं घ्यायला आलेला. टटल स्वतः आधीच जंगलातल्या तळावर गेलाय, बुधवारी येणार. गल्ल्यावर त्याची सून एकटी, घामाघूम. मी रांगेत उभी राहून जुन्या बंदुकांच्या मांडणीकडे उगाच बघत होते. खालच्या ओळीत, भिंतीकडून तिसरी.

मला आधी दस्ताच दिसला. आखूड, आणि जरासा तिरका कापलेला. उचलली. पंपाखाली कुत्र्याच्या दातांच्या खुणा, आमच्या बिस्किटनं लहानपणी चावलेल्या. कोपराच्या खोबणीत टेकवली आणि बोट आपसूक चापावर गेलं. सगळ्या गर्दीत मी तशीच उभी, गालावर पाणी. मागचा एक बाप्या म्हणतो, "बाई, घेणार असाल तर रडा, नाहीतर मला बघू द्या."

सुनेला विचारलं ही कुणी विकली. तिला माहीत नाही, सासऱ्याला ठाऊक. बंदुकीला माझ्या नावाची चिठ्ठी बांधून तिनं आतल्या खोलीत ठेवली.

म्हणजे चोरानं इथंच आणून विकली! आमच्या नाकासमोर! आणि टटलनं त्याचं तोंड बघितलंय. बुधवारी टटल आला की चोराचं नाव कळेल, शेरीफ त्याला उचलेल आणि मी माझ्या पलंगावर झोपेन. घर विकायला नको. रविवारी गार्लंडला समोरासमोर सांगणार, त्याचा चेहरा बघायचाय मला.

१३ नोव्हेंबर, रविवार

गार्लंडचा चेहरा बघितला. मला वाटलं तसा नव्हता.

तो कालच्या शिकारीतून दमून आलेला. मी चिकन आणि डंपलिंग केलं होतं, त्याच्या आवडीचं. ताट पुढं ठेवलं आणि म्हटलं, "ओळख बघू मला काय सापडलं."

सगळं सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला. पाणी प्यायला. म्हणाला, "तुला मी टटलकडे जाऊ नकोस म्हटलं होतं."

"अरे, पण बंदूक! बाबांची!"

"तशा छप्पन असतात."

"कुत्र्याचे दातही छप्पन जणींवर असतात का? बुधवारी टटल येतोय. त्याला विचारते आणि थेट शेरीफकडे जाते."

"शेरीफ नको." इतक्या जोरात म्हणाला की मी दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नेडी, ऐक माझं. चोरीचा माल घेतला म्हणून टटल गोत्यात येईल. म्हातारा माणूस आहे. मी जाऊन घेऊन येतो बंदूक, तू यात पडूच नकोस."

"पण तो तर लबाड आहे म्हणालास."

"लबाड असला म्हणून काय झालं? चर्चमध्ये दर रविवारी तोंड बघायचंय त्याचं."

माझा भाऊ हा असा. ज्याच्याशी बिनसलंय त्याचीसुद्धा काळजी. पण या बाबतीत मी त्याचं ऐकणार नाहीये. बंदूक माझी, भीती माझी, मीच विचारणार.

लव्हॉनला सांगितलं तर तिनं हातातला कप खाली ठेवला. म्हणाली, "बुधवारी मी येऊ का बरोबर?" मी म्हटलं, कशाला, तिथं काय चोर बसलाय?

१६ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीतली चकती ॲप्रनच्या खिशात टाकून गेले होते. टटल काउंटरमागं होता, दाढी वाढलेली, धुराचा वास. बंदूक मला आणून दिली. मी चकती पुढं केली आणि म्हटलं, या बंदुकीचा हा तुकडा आहे, माझ्या बाबांनी कापलेला.

त्यानं दस्त्याच्या मागची रबराची पट्टी दोन स्क्रू काढून सोडवली आणि चकती लावली. लाकडाच्या रेघा रेघांना मिळाल्या. स्क्रूची भोकं भोकांवर बसली. तिरका काप तिरक्या कापाला असा भिडला की मधे नखही जाईना. बाबांचा हात.

"तुम्ही हार्लन स्ट्राउडची मुलगी," टटल म्हणाला. "गार्लंडची बहीण."

"हो. आता मला सांगा, ही तुम्हाला कुणी विकली? घाबरू नका, तुमचं नाव मी येऊ देणार नाही. मला फक्त तो माणूस हवाय."

टटलनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बाई, चोरी कसली? ही गार्लंडनं आणली. ऑगस्टमध्ये. ही दिली, वर थोडे पैसे घातले आणि दुर्बीण बसवलेली नवी रायफल घेतली."

मी म्हटलं, "ऑगस्ट? चोरी ऑक्टोबरात झाली."

मीच मूर्ख, मी परत म्हटलं, "ऑक्टोबरात झाली हो चोरी."

"मी त्याला विचारलं होतं, घरातली बंदूक का काढतोस म्हणून. म्हणाला, लहान मुलीची होती, ती मुलगी मोठी झाली, आता कुणाला लागत नाही." टटलनं चष्मा काढून पुसला. "चोरीचं गावात ऐकलं तेव्हा मला वाटलं बाकीच्या गेल्या असतील. ही नाही."

मी गाडीतून स्प्रिंगफील्डची काळी बंदूक आणून काउंटरवर ठेवली. म्हटलं, ही घ्या, माझी द्या. हिशेब काय तो करा. त्यानं हिशेब नको म्हटलं, सरळ अदलाबदल केली, बंदूक घेणाऱ्याची सरकारी तपासणी फोनवर झाली. दारापर्यंत माझ्याबरोबर आला आणि विचारलं, "काळी कुणी घेऊन दिली होती?"

"भावानं."

टटलनं दार उघडून धरलं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

चोर नव्हताच.

आज दिवसभर मटार वाढत होते आणि डोक्यात हेच. चोर नव्हताच. कपाट कुणी फोडलं नाही. मी खुर्चीत बसून काढलेल्या सगळ्या रात्री एका खोटेपणाला घाबरून काढल्या. कुरणात माझा गाल सुजला तेव्हा तो शेजारी उभा होता. माझ्या हातून लव्हॉन मरता मरता वाचली हे ऐकलं, तरी तो मीठदाणी फिरवत बसला. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. एकच! जवळ घेतलं मला! मला वाटलं माझ्या काळजीनं घेतलं. केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि मी त्याला डंपलिंग वाढत होते.

ओढ्याकाठचा ट्रेलर रिकामा आहे. तो दाढीवाला गेल्या आठवड्यातच निघून गेला म्हणे. कुणी त्याला काम देईना. उद्या स्वैपाकघरात मी सांगितलं की चोरी झालीच नव्हती, तर त्या म्हणतील, अगंबाई! आणि पुन्हा बटाटे सोलतील. माझ्यासकट.

गार्लंडचे फोन येताहेत. उचलत नाही. रात्री निरोप पाठवला: हरीण मारलं, मागचा पाय तुला आणतो. नव्या रायफलनं मारलं असणार.

१९ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या आणि मागच्या दाराचं कुलूप बदललं. स्वतः बदललं. मागच्या दारावर दोन खुंट्या ठोकून बाबांची बंदूक ठेवली, काडतुसं वेगळी, पिठाच्या डब्यामागं.

उद्या रविवार. जेवण करणार नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

लव्हॉन सकाळपासून इथं होती. टर्की भट्टीत, मी रताळी कुस्करत होते. गार्लंडची गाडी आली. लव्हॉननं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी आतल्या खोलीत जाऊ?" मी म्हटलं, बस तिथंच.

त्याची किल्ली कुलपात गेली नाही. परत घातली. उलटी करून घातली. आणि मग त्यानं दार वाजवलं. माझ्या भावानं आयुष्यात कधी माझं दार वाजवलं नव्हतं.

मी उघडलं, पण जाळीचं दार लावलेलंच ठेवलं. एका हातात डब्यात भोपळ्याचा गोड पाय, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला हरणाचा पाय. माझ्या खांद्यावरून त्याला खुंट्यांवरची बंदूक दिसली.

"टटल बोलला," तो म्हणाला.

"बोलला."

"मी सांगणारच होतो."

"कधी? लव्हॉनच्या दफनाला?"

तो लव्हॉनकडे बघू शकला नाही. "चाळीस वर्षं ती तिथं पडून होती, नेडी. एकदा तरी मागितलीस का? दस्ता कापलेली बंदूक, कुणाच्याच कामाची नाही. मला वाटलं तू विसरलीस. आणि मग रॉइस गेल्यावर तू एकदम मागितलीस."

"मग सांगायचं होतंस की विकली. चार दिवस भांडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, पाचव्या दिवशी जेवायला वाढलं असतं."

"तुझं रडणं मला बघवलं नसतं."

"आणि भीती बघवली?"

पायचा डबा त्याच्या हातात तिरका झाला होता. साठ वर्षांचा माणूस, बाबांसारखेच कान. मला त्याचा राग आला होता आणि दयाही आली.

"नेडी, मी दुरुस्त करतो. सगळ्यांना सांगतो. चर्चमध्ये उभा राहून सांगतो."

"सांग. आधी त्या ट्रेलरवाल्याला शोधून सांग."

"सांगतो. आत येऊ दे ना. थंडी आहे."

मी सिंकपाशी गेले, खिडकीतली चकती उचलली. टटलनं विचारलं होतं, परत चिकटवून देऊ का. मी नको म्हटलं होतं, मी अजून तेवढीच आहे. जाळीचं दार बोटभर उघडलं आणि ती चकती हरणाच्या पायावर ठेवली.

"हे काय?"

"बाबांच्या बंदुकीचा एवढा तुकडा तू घे. बाकीची माझी."

त्यानं पायचा डबा ओसरीच्या कठड्यावर ठेवला, चकती खिशात घातली आणि गेला. हरणाचा पाय बरोबर घेऊन गेला, भोपळ्याचा ठेवून गेला.

लव्हॉन म्हणाली, "रताळी गार होताहेत." आम्ही जेवलो. तिनं त्याच्या पायचा एक तुकडा खाल्ला, मी नाही खाल्ला. जाताना तिनं विचारलं, आता झोप लागते का. लागते. काल पलंगावर झोपले, रॉइसच्या जागेत हात पसरून, सकाळपर्यंत. दार वाजलं तरी आता मी दचकणार नाही, घर विकणार नाही, बंदूक माझ्या मापाची आहे.

पण भांडी घासताना खिडकीत साबणाच्या बाजूला ती रिकामी जागा दिसली आणि मला एकदम वाटलं, तो चोर खरंच असता तर किती बरं झालं असतं.